परभूमीवरील घर : जागा, इमला आणि सद्भाव

इ. स. १८६६ या एकाच वर्षी लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे आणि कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे जवळजवळ एकच प्रश्न निर्णयासाठी आला. जमीन एकाची आहे. तीवर दुसऱ्याने स्वतःच्या पैशाने घर उभारले आहे. आणि आता जमीनमालक म्हणतो की, जमीन माझी म्हणून घरही माझेच. लंडनमध्ये बांधणारे हरले. कलकत्त्यास जो नियम सांगितला गेला, तो बांधणाऱ्याला घराचे सामान किंवा घराची किंमत यांपैकी एक तरी मिळवून देणारा होता. दोन्ही न्यायालये एकाच साम्राज्याची आणि दोन्हीकडचे न्यायाधीश इंग्रजी विधिशास्त्रातच वाढलेले, हे लक्षात घेतले म्हणजे या भेदाचे कारण शोधावेसे वाटते.

पाठ्यपुस्तकांत त्याची संगती सामान्यतः अशी लावली जाते : इंग्लंडात इमारत जमिनीला चिकटली की ती जमिनीची झाली, भारतात तसे नाही. हे विधान चुकीचे नाही, पण त्याने मूळ मुद्दा झाकला जातो. इमारत कोणाकडे जाते, हा वादाचा शेवट झाला. वादाचा आरंभ बांधणाऱ्याला काय विचारले जाते, येथे होतो. ‘ही जमीन परक्याची आहे हे तुला ठाऊक होते काय ?’ असे त्याला विचारता येते. किंवा ‘तू येथे कोणाच्या संमतीने राहिलास, आणि त्याला काय देत होतास?’ असेही विचारता येते. पहिला प्रश्न मनाविषयीचा, दुसरा व्यवहाराविषयीचा. रोमन विधिज्ञांनी पहिल्यावर भर दिला, स्मृतिकारांनी दुसऱ्यावर. आजच्या भारतीय कायद्यात ‘सद्भाव’ या एका शब्दाच्या आश्रयाने दोन्ही एकत्र नांदतात, आणि या विषयातील पुष्कळशा घोटाळ्याचे मूळ तेथेच आहे.

रोमन नियमाचे सर्वांत सुबोध विवेचन इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील गायस या विधिज्ञाच्या ‘इन्स्टिट्यूट्स’ या ग्रंथात मिळते. हा ग्रंथ कित्येक शतके लुप्त होता. व्हेरोना येथील एका खरवडून पुन्हा लिहिलेल्या चर्मपत्रात, संत जेरोमच्या पत्रांच्या अक्षरांखाली, तो १८१६ मध्ये नीबूरच्या दृष्टीस पडला. आपल्या जमिनीवर दुसऱ्याने, अगदी स्वतःच्या नावाने का होईना, जे बांधले ते निसर्गनियमाने आपलेच होते, असे गायस सांगतो. कारण जे पृष्ठावर आहे ते भूमीच्या मागून जाते. यासाठी त्याने योजलेला ‘सुपरफिकीस’ हा लॅटिन शब्द ‘वर’ आणि ‘चेहरा’ अशा दोन घटकांचा आहे. घर हा भूमीचा वरचा चेहरा. चेहऱ्याला निराळा धनी कसा असणार, हा युक्तिवाद जणू शब्दाच्या घडणीतच बसलेला आहे.

परंतु लगेच पुढे गायस मालकाचा हात धरतो. ताबेदाराने सद्भावाने बांधलेले असेल आणि मालक त्याचा खर्च न देता जमीन मागू लागेल, तर ताबेदाराने मालकाच्या कपटाचा आक्षेप घ्यावा, म्हणजे दावा निष्फळ होतो. येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. सद्भावामुळे घर बांधणाऱ्याचे होत नाही. ते मालकाचेच राहते. बांधणाऱ्याला मिळते ते केवळ अडवून धरण्याचे सामर्थ्य, आणि तेही ताबा हाती असेपर्यंत. जाणूनबुजून परक्याच्या जमिनीवर बांधणाऱ्याला तर एवढेही नाही. त्याने आपले साहित्य स्वखुशीने दवडले, असे सहाव्या शतकात जस्टिनियनच्या ‘इन्स्टिट्यूट्स’ने मानले. सारा भेद बांधतेवेळच्या ज्ञानावर उभा आहे.

या कोरड्या नियमाला रक्तमांस कोठे आले असेल, तर ते केल्ससच्या एका उताऱ्यात. केल्सस हा इ. स. १२९ मध्ये दुसऱ्यांदा कॉन्सल झालेला विधिज्ञ; त्याचा उतारा इ. स. ५३३ च्या ‘डायजेस्ट’मध्ये सहाव्या पुस्तकात जपला गेला आहे. एकाने जमीन विकत घेतली, ती विकणाऱ्याची नव्हती हे त्याला ठाऊक नव्हते. तीवर त्याने बांधकाम किंवा लागवड केली. पुढे खरा मालक आला आणि जमीन गेली. केल्सस म्हणतो की, येथे चांगला न्यायाधीश माणसे आणि परिस्थिती पाहून वेगवेगळा निर्णय देईल. मालकानेही हेच बांधले असते असे दिसले, तर त्याने खर्च द्यावा आणि जमीन घ्यावी. मात्र जमिनीची किंमत जेवढी वाढली असेल तेवढ्यापुरताच, आणि वाढ खर्चाहून अधिक असेल तर केवळ खर्चापुरताच. मालक गरीब असेल, एवढी रक्कम द्यायची म्हणजे वाडवडिलांची देवघरे आणि थडगी सोडण्याची पाळी त्याच्यावर येणार असेल, तर मात्र बांधणाऱ्याने शक्य ते सामान काढून न्यावे, एवढेच पुरे. जमीन पूर्वीपेक्षा वाईट होता कामा नये. जमीन हाती येताच विकण्याचा मालकाचा बेत असेल, तर गरिबीची सबब त्याला मिळत नाही. शेवटी केल्सस द्वेषालाही बांध घालतो : भिंतीवरचा गिलावा आणि चित्रे नेऊन काही उपयोग नसताना केवळ मालकाला सतावण्यासाठी ती खरवडण्याची मोकळीक कोणालाही मिळणार नाही.

अठराशे वर्षांपूर्वीचा हा उतारा आजही कोणत्याही दिवाणी न्यायालयात उपयोगी पडेल असा आहे. गायसने सद्भावाचा प्रश्न होय-नाही असा ठेवला होता. केल्ससने सद्भाव गृहीत धरून दोन निरपराध माणसांत नुकसान कसे वाटायचे, हा खरा अवघड प्रश्न हाती घेतला. पुढच्या संहितांनी यातले हिशेब घेतले. गरीब मालकाला मात्र बहुतेकांनी विसरून टाकले.

धर्मशास्त्राकडे वळले म्हणजे प्रश्नाची ठेवणच बदललेली दिसते. नारदस्मृतीत या विषयावर लागोपाठ दोन श्लोक आहेत. ते आले आहेत वेतन आणि भाडे यांच्या प्रकरणात. मालकीच्या विवादात नव्हे. पहिल्याचा आशय असा : परक्याच्या भूमीवर घर बांधून आणि भाडे देऊन जो राहतो, त्याने निघून जाताना गवत, लाकूड, विटा इत्यादी बरोबर न्यावे. दुसऱ्याचा आशय असा : भाडे न देता आणि मालकाच्या इच्छेविरुद्ध जो राहिला (योली याने १८८९ च्या इंग्रजी भाषांतरात हाच अर्थ घेतला आहे), त्याने जाताना गवत आणि लाकूडही नेऊ नये. भाड्यासाठी येथे ‘स्तोम’ हा शब्द आहे. वेदांतील स्तुतिस्तोत्र, मग ढीग किंवा समूह, आणि व्यवहारग्रंथांत जागेचे भाडे, असा या शब्दाचा प्रवास. मराठीत तो ‘स्तोम माजविणे’ एवढ्यापुरताच उरला.

नारदाने घराचे वर्णन गवत, लाकूड, विटा असे सुट्या सामानाच्या नावांनी केले आहे, हेही दुर्लक्षिण्यासारखे नाही. ज्याला रोमन विधिज्ञ भूमीचा चेहरा म्हणतो, ते नारदाच्या लेखी उकलून नेता येणारे साहित्य आहे. गवती छपराच्या घरांच्या देशात असा विचार सुचणे स्वाभाविक होते. दगडी रोमात तो इतका सहज सुचला नसता. पण सामग्रीचा फरक हे सर्वस्वी कारण नव्हे, कारण विटाही श्लोकात आहेतच. खरे कारण विचारलेल्या प्रश्नात आहे. राहणाऱ्याला काय ठाऊक होते, याची नारद चौकशी करीत नाही. तो भाडे आणि इच्छा या दोन बाहेरून दिसणाऱ्या, साक्षीदारांनी सांगता येण्याजोग्या गोष्टी पाहतो.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या सीमाविवादात हीच वृत्ती आढळते. मालकाला न कळविता कोणी त्याच्या शेतात बांध घातला, तर त्या बांधापासून होणारे उत्पन्न मालकाचे, आणि मालक नसल्यास राजाचे. म्हणजे येथेही दोष अज्ञानाचा किंवा कपटाचा नाही, न कळविण्याचा आहे. मात्र त्याच्या आदल्याच श्लोकात स्मृतिकार मालकालाही आवर घालतो. थोडा त्रास देणारा पण पुष्कळ कल्याण करणारा बांध त्याने अडवू नये. दुसऱ्याची थोडीशी जमीन व्यापून भरपूर पाणी देणारी विहीरही अडवू नये. पाण्याचे मोल जाणणाऱ्या समाजाचा हा नियम आहे. नारदाने पडीत जमिनीविषयी सांगितलेली व्यवस्थाही याच घराण्यातली : मालक असमर्थ, मृत किंवा बेपत्ता असताना कोणी अटकावाशिवाय त्याची जमीन वाहितीस आणली, तर परत आलेल्या मालकाने ती फोडण्याचा खर्च द्यावा आणि मग जमीन घ्यावी.

या सर्व वचनांत एक माणूस मात्र सापडत नाही. तो भाडे देत नाही, कारण जमीन आपलीच आहे असे त्याला वाटते. तो मालकाची इच्छा विचारीत नाही, कारण दुसरा कोणी मालक आहे हेच त्याला ठाऊक नाही. नारदाच्या पहिल्या श्लोकात तो बसत नाही, कारण त्याने स्तोम दिलेले नाही. दुसऱ्यातही त्याला ढकलणे अन्यायाचे. केल्ससचा नायक तो हाच. बाराव्या शतकातील ‘हिदाया’ या हनफी ग्रंथातही (त्याचे हॅमिल्टनकृत इंग्रजी भाषांतर १७९१ चे) चर्चा मुख्यतः बळकावणाऱ्याची आहे. त्याने आपले बांधकाम उपटून न्यावे. पण तसे केल्याने जमीन खराब होणार असेल, तर पाडलेल्या सामानाची किंमत देऊन मालकाने ते ठेवून घ्यावे. घर मुकाट्याने जमिनीत विरून जात नाही, एवढे मात्र दोन्ही परंपरांत समान आहे.

आता १८६६ कडे यावे. हडर्सफील्ड हे यॉर्कशरमधील कापडगिरण्यांचे गाव. तेथील विस्तीर्ण जमीन रॅम्सडेन घराण्याची. मालकाच्या मर्जीपर्यंत चालणाऱ्या कुळकीवर लोक जागा घेत आणि तीवर पक्की घरे बांधीत. भाडे वेळेवर दिले तर कोणी उठवीत नाही, आणि मागितला तर दीर्घ मुदतीचा पट्टाही मिळतो, अशी इस्टेटीची रीत असल्याचा त्यांचा भरवसा होता. पुढे हा भरवसा नाकारला गेला आणि प्रकरण न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयाने कुळांचे ऐकले; हाउस ऑफ लॉर्ड्सने तो निर्णय फिरविला. लॉर्ड क्रॅनवर्थ याने सांगितलेले तत्त्व असे की, परका मनुष्य माझी जमीन आपली समजून तीवर बांधत असताना मी त्याची चूक ओळखूनही गप्प राहिलो, तर पुढे मला आपला हक्क सांगता येणार नाही. पण जमीन माझी आहे हे जाणून त्याने बांधले असेल, तर माझ्या गप्प राहण्याने त्याला काहीही मिळत नाही. हडर्सफील्डची कुळे जमीन कोणाची आहे हे पूर्णपणे जाणत होती. तिचे भाडेच तर ती देत होती. म्हणून ती हरली. केवळ लॉर्ड किंग्जडाउन याने, मालकाने निर्माण केलेल्या किंवा वाढू दिलेल्या अपेक्षेलाही महत्त्व आहे, असे म्हणून विरुद्ध मत दिले.

येथे दोन प्रश्नांतला फरक लख्ख दिसतो. ‘तुला ठाऊक होते काय ?’ असे विचारल्याबरोबर प्रामाणिक कूळ अडचणीत येते, कारण त्याचे प्रामाणिकपण ‘ठाऊक होते’ असे उत्तर देण्यातच आहे. ‘तू भाडे देत होतास काय ?’ हा नारदाचा प्रश्न असता, तर त्याच कुळाला निदान विटा आणि लाकूड घेऊन जाता आले असते. भाड्याच्या पावत्या एका प्रश्नाखाली त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरतात, दुसऱ्या प्रश्नाखाली त्याच्या बाजूचा.

कलकत्त्यास ठाकूरचंद्र परामाणिक प्रकरणात मुख्य न्यायमूर्ती सर बार्न्स पीकॉक यांच्या पूर्णपीठाने जमिनीला जोडलेली प्रत्येक वस्तू जमिनीचीच होते, असा निरपवाद नियम या देशाच्या कायद्यांत किंवा वहिवाटीत आपणास आढळला नाही, असे नमूद केले. नंतर त्याने नियम सांगितला तो असा : बांधणारा केवळ अतिक्रमण करणारा नसून प्रामाणिक हक्काने किंवा प्रामाणिक दाव्याने ताब्यात असेल, तर त्याला जमीन पूर्वस्थितीस आणून आपले सामान नेता येईल, किंवा इमारत राहू दिल्यास तिची किंमत मिळेल, आणि यांतील निवड जमीनमालकाने करावयाची. उच्च न्यायालय स्थापन होऊन त्या वेळी चारच वर्षे झाली होती.

या नियमाचे बळ ‘प्रामाणिक हक्क किंवा दावा’ या ऐसपैस शब्दयोजनेत आहे. स्मृतींत न सापडलेला, चुकीने स्वतःला मालक समजणारा मनुष्य त्यात येतो. जमीन परक्याची आहे हे जाणणारे पण काही नात्याने तेथे असलेले कूळही त्यात येते. मनाचा प्रश्न आणि व्यवहाराचा प्रश्न यांची निवड पूर्णपीठाने केलीच नाही. त्याने दोन्ही एका छपराखाली आणले. ते हेतुपुरस्सर झाले की भाषेच्या ओघात, हा वाद निष्फळ आहे. पुढील साठ वर्षांचा इतिहास त्या शब्दांनीच घडविला, आणि १९२७ मध्ये नारायणदास खेत्री प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलनेही हा नियम उचलून धरला.

मधल्या काळात कायदेमंडळाने हे छप्पर वाटून टाकले. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५१ ने चुकीने मालक समजणाऱ्याची सोय केली. पण ती हस्तांतराने जमीन मिळालेल्यापुरतीच. आपण पूर्ण मालक आहोत अशा सद्भावाने त्याने सुधारणा केली आणि मागाहून अधिक चांगल्या हक्काच्या माणसाने त्याला काढले, तर सुधारणेची किंमत ठरवून द्यावी, अथवा जमिनीतील आपला हक्क सुधारणेची किंमत न धरता त्या वेळच्या बाजारभावाने त्याला विकावा, अशी मागणी तो करू शकतो. त्याच कायद्याच्या कलम १०८ ने पट्टेदाराला आपण जोडलेल्या वस्तू काढून नेण्याची मुभा दिली. त्याच वर्षीच्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम ६० ने, परवानगीवर विसंबून कायम स्वरूपाचे काम खर्चाने केलेल्या माणसाची परवानगी मागे घेता येणार नाही, असे ठरविले. खरेदीदार, पट्टेदार, परवानगीधारक : तिघांना तीन खोल्या मिळाल्या. मोजणीच्या चुकीने शेजाऱ्याच्या हद्दीत भिंत घालणारा मनुष्य यांपैकी एकाही खोलीत शिरू शकत नाही. त्याला १८६६ च्या नियमाचेच दार ठोठवावे लागते.

कलम ५१ मधील ‘सद्भाव’ या शब्दाची व्याख्या मात्र कोणी केलेली नाही. १८६० च्या दंडसंहितेने योग्य काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावाची मानली नव्हती (तिच्या जागी २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आहे). उलट १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाने, निष्काळजीपणाने केलेली गोष्टही प्रामाणिकपणे केली असेल तर ती सद्भावाचीच मानली. पण ही व्याख्या तो अधिनियम अमलात आल्यानंतरच्या कायद्यांसाठी आहे. म्हणजे १८८२ चा शब्द या दोन परस्परविरोधी व्याख्यांच्या मध्ये निराधार उभा आहे. जुने दस्तऐवज न तपासता जमीन घेणारा भोळा खरेदीदार एकीच्या दृष्टीने दोषी, दुसरीच्या दृष्टीने निर्दोष. मराठीतील ‘सद्भाव’ या शब्दाने येथे मदत होत नाही. बोलण्यात त्याचा अर्थ सलोखा आणि आपुलकी असा आहे. कायद्याला हवी ती ‘प्रामाणिक समजूत’, आणि समजूत किती खोल तपासून केलेली असावी हे कोणताच शब्द सांगत नाही.

नियम दुर्बळ बांधणाऱ्यासाठी झाला, असे मानण्याचा मोह होतो. १९२९ चा वांद्र्याचा खटला तो मोह दूर करतो. तेथे सरकारने खाजगी जमिनीचा ताबा आधी घेतला, तीवर बांधकाम केले, आणि ती रीतसर संपादन करण्याची कारवाई नंतर केली. मालकाने इमारतींची किंमतही मागितली. सरकारी अधिकारी केवळ अतिक्रमण करणारे नव्हते, म्हणून इमारती मालकाच्या झाल्या नाहीत, आणि त्याला जमिनीचीच किंमत मिळेल, असे प्रिव्ही कौन्सिलने ठरविले. कुळाच्या विटा वाचविणारा नियम येथे सरकारी तिजोरी वाचविता झाला. याची दुसरी बाजू १९६१ च्या बिशनदास प्रकरणात आहे. बरनाळा रेल्वे स्थानकाजवळ सरकारी जमिनीवर १९०९ मध्ये परवानगीने धर्मशाळा, आणि पुढे देऊळ व दुकाने उभी राहिली होती. जमीन आमची म्हणून इमारतीही आमच्या, या समजुतीने राज्याच्या अधिकाऱ्यांनी ताबा घेतला. जमिनीला जोडले ते जमिनीचे हा नियम भारतात सरसकट लागू होत नाही, आणि कायद्याच्या आधाराशिवाय बळाने कोणाला काढता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यांना बजावले. त्याआधी, १९५८ मध्ये, मुंबईतील एका पट्ट्याच्या वादात जमीन एकाची आणि तीवरील इमारत दुसऱ्याची असू शकते, हे त्या न्यायालयाने स्पष्ट केलेच होते.

मराठी व्यवहाराला हे सांगण्यास न्यायालयाची गरज नव्हती. ‘जागा’ आणि ‘इमला’ असे दोन वेगळे शब्द दस्तऐवजांत पूर्वापार चालत आले आहेत; ‘इमला’ हा अरबी-फारसीच्या वाटेने आलेला शब्द जमीन वगळून वरच्या बांधकामाचा वाचक आहे, आणि नुसता इमला विकता येतो ही गोष्ट मुंबई-पुण्यात कोणाला नवलाची वाटत नाही. मुंबई बेटावरील फझंदारी जमिनींत जागेचे भाडे फझंदाराचे आणि घर राहणाऱ्याचे, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालली. तेथे शब्द पोर्तुगिजांचा, व्यवहार मात्र नारदाच्या पहिल्या श्लोकाला ओळखीचा.

पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकाराची स्थिती याहून नाजूक होती. भाटकाराची सेवा करण्याचे बंधन त्याच्यावर पुष्कळदा असे. जमीन आपली आहे असे मुंडकाराला कधीच वाटत नव्हते. कलम ५१ च्या अर्थाने तो सद्भावी नव्हता, आणि हडर्सफील्डच्या कुळाप्रमाणे त्याचे ज्ञानच त्याच्या आड आले असते. १९७५ च्या गोवा, दमण व दीव मुंडकार संरक्षण कायद्याने त्याच्या मनात काय होते ही चौकशीच सोडून दिली. त्याने विचारले ते एवढेच की, हा मनुष्य भाटकाराच्या संमतीने तेथे राहत होता काय; आणि ठरावीक काळ राहूनही भाटकाराने त्याला काढण्याची कारवाई केली नसेल, तर संमती होती असेच धरून चालावे. अशा मुंडकाराला घर आणि त्याखालची व सभोवतीची ठरावीक जागा विकत घेण्याचा हक्क मिळाला. नारदाने राहणाऱ्याला विटा उचलून जाऊ दिले होते. येथे विटांखालची भूमी विटांच्या मागून जाऊ लागली.